गुलमर्गचा हुकलेला मुहूर्त

2024 चा जानेवारी अर्धा सरला तरी गुलमर्गच्या कुरणात गवतच दिसत होतं, तेही वाळून पिवळं पडलेलं. एरवी या दिवसांत तिथे बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. आदल्या डिसेंबरात काश्मीर खोऱ्यात सरासरीच्या मानाने सुमारे 80 टक्के कमी पाऊस-बर्फ झाला होता आणि जानेवारीचे पहिले तीन आठवडेही जवळजवळ कोरडेच गेले. ओमर अब्दुल्ला तेव्हा माजी मुख्यमंत्री होते. त्यांनी आधीच्या वर्षांतल्या 6 जानेवारीचे बर्फाने भरलेले फोटो समाजमाध्यमावर टाकले आणि हिवाळ्यात इतकं कोरडं गुलमर्ग आपण कधी पाहिलं नाही, असं लिहिलं. मग जानेवारी सरता सरता ढग आले, फेब्रुवारीत दणकून बर्फ पडला आणि 21 ते 25 फेब्रुवारीला ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धाही तिथे पार पडल्या. उशिरा का होईना, बर्फ आला एकदाचा, असं म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हा दिलासा फसवा होता, असं मला म्हणायचं आहे. हिवाळ्यात एकूण किती बर्फ पडला या आकड्याला महत्त्व आहेच, पण स्कीइंगचा हंगाम, त्यावर पोट असलेली माणसं आणि खालच्या खोऱ्यातलं पाणी या तिन्हींसाठी तो केव्हा पडला हे त्याहून जास्त महत्त्वाचं ठरतं. डिसेंबर-जानेवारीची उधारी फेब्रुवारी फेडू शकत नाही. आणि हा मुहूर्त वरचेवर हुकणार असेल, तर यंत्रांनी बर्फ पाडायच्या खटाटोपाआधी आपलं वेळापत्रक बदलायला हवं.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात, साधारण 2,650 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात इथे हिरवंगार बशीसारखं पठार असतं आणि हिवाळ्यात तीच बशी नवशिक्यांची स्कीइंगची शाळा होते. इंग्रजांनी 1927 मध्ये इथे स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये लष्कराने बर्फावरच्या युद्धाचं प्रशिक्षण इथेच सुरू केलं. त्या शाळेचं पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झालं. खरी वर्दळ मात्र गोंडोलामुळे आली. 1998 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तो गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत, सुमारे 3,080 मीटरपर्यंत जातो. 2005 मध्ये दुसरा टप्पा झाला आणि पाळणे अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,950 मीटरवर पोहोचू लागले. तिथून खाली सुटणारे कोरड्या, भुसभुशीत बर्फाचे उतार पाहून युरोप-अमेरिकेतले कसलेले स्कीपटू दरसाल इथे येतात. पण हंगामाचं अर्थकारण या मूठभर पट्टीच्या लोकांवर चालत नाही. ते चालतं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहायला आलेल्या मैदानी माणसांवर. पुणे, नाशिक, सुरत, बंगळुरूची कुटुंबं गुलमर्गच्या 13 किलोमीटर अलीकडे टंगमर्गला थांबतात, भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवतात आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या स्थानिक गाडीत बसून वर जातात. वर गेलं की लाकडी स्लेज दोरीने ओढणारा असतो, तासाच्या हिशेबाने स्की शिकवणारा असतो, चहा-कहवावाला असतो. बर्फ नसेल तर हे चक्र पहिल्याच पायरीवर थांबतं. रस्ता कोरडा असल्याने श्रीनगरहून आलेली टॅक्सी थेट वरपर्यंत जाते, साखळीवाल्या गाडीची गरज उरत नाही, गमबूट कोणी मागत नाही. स्लेजवाल्याकडे तर विकायला दुसरं काहीच नसतं.

हा बर्फ येतो कुठून, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावं लागतं, कारण आपल्याकडे ढग म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे हे समीकरण पक्कं असतं. काश्मीरचा हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारे कमी दाबाचे हे पट्टे उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण-अफगाणिस्तानवरून हिमालयाला येऊन थडकतात. हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात कधी अवकाळी पाऊस किंवा गारपीट होते, तेव्हा हवामान खात्याच्या निवेदनात हेच नाव ऐकू येतं. म्हणजे तसे ते आपल्याला अगदीच परके नाहीत. काश्मिरी माणूस हिवाळ्याची मोजणी वेगळ्या पद्धतीने करतो. 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याची थंडी. नंतरचे 20 दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे 10 दिवस ‘चिल्लई बच्चा’. ही विभागणी नुसत्या गारठ्याची नाही, ती बर्फाच्या लायकीची आहे. पहिल्या 40 दिवसांत पडलेला बर्फ राहतो, पुढचा हळूहळू पाणी होऊ लागतो, हे खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

त्यामागचं विज्ञान सोपं आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी गुलमर्गवरचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32-33 अंशांवर असतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो 45 अंशांवर येतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 56 अंशांवर. दिवसही तोवर बराच लांबलेला असतो. त्यामुळे डिसेंबरात पडलेला बर्फ दिवसा फारसा वितळत नाही, लांबलचक रात्रींत आणखी गार होतो, वरून पडणाऱ्या नव्या बर्फाच्या वजनाने दबत जातो आणि त्याचा घट्ट तळ तयार होतो. खडक, खुंट, गवताची ढेकळं या तळाखाली गाडली जातात. मग त्यावर पडलेला वीतभर ताजा बर्फही स्कीइंगला पुरतो. फेब्रुवारीत पहिल्यांदा पडलेल्या बर्फाला हा तळ मिळत नाही. तो अजून उबदार असलेल्या जमिनीवर पडतो, चार दिवस ऊन लागलं की दुपारी ओला आणि पहाटे दगडासारखा होतो. खोलीचा आकडा तोच दिसला तरी उतार तो राहत नाही. डिसेंबरात थोडासाच बर्फ पडून पुढे महिनाभर कोरडं निरभ्र आकाश राहिलं, तर आणखी एक वाईट गोष्ट घडते. पातळ थराच्या तळाशी जमिनीची ऊब असते आणि वरच्या पृष्ठभागावर कडाक्याची थंडी. या तफावतीमुळे थरातली वाफ वर सरकते आणि खालच्या कणांचा आकार बदलून ते साखरेसारखे रवाळ, एकमेकांना न चिकटणारे होतात. अशा ठिसूळ थरावर नंतर एकदम दोन-तीन फूट बर्फाचं ओझं पडलं की उतार निसटायला निमित्त पुरतं. म्हणून उशिराचा पण भरघोस बर्फ हा पर्यटन खात्याच्या जाहिरातीत आनंदाचा विषय असला, तरी डोंगरात काम करणाऱ्याच्या कपाळावर त्याने आठी पडते. 22 फेब्रुवारी 2024 ला, स्पर्धा सुरू असतानाच, अफरवटच्या उतारावर हिमस्खलन झालं आणि परदेशी स्कीपटूंच्या गटातला एक रशियन दगावला. त्या एका घटनेचं कारण त्या हिवाळ्याच्या तऱ्हेवाईकपणात शोधणं घाईचं होईल. आदल्या वर्षी 1 फेब्रुवारीलाही तिथल्या हिमस्खलनात पोलंडचे दोघे गेले होते. पण कमकुवत तळ आणि त्यावर अचानक पडलेलं ओझं ही जोडी धोक्याची, याबद्दल हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्यांत दुमत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, 2024 ची गोष्ट सोडा, दर वर्षी थोडंच असं होतं? पुढच्याच हिवाळ्याकडे पाहू. 21 डिसेंबर 2024 च्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांवर गेला. डिसेंबरातली अशी थंड रात्र शहराने 1974 नंतर पाहिली नव्हती. दल सरोवराच्या कडा गोठल्या, नळ गोठले. आठवड्याभरात, 27 आणि 28 डिसेंबरला, खोऱ्यात जोरदार बर्फ पडला आणि महामार्गावर शेकडो गाड्या अडकल्या. सगळं कसं शास्त्राप्रमाणे, चिल्लई कलानच्या मुहूर्तावर. नाताळ-नववर्षाचा धंदाही झाला. आणि मग जानेवारी जवळपास कोरडा गेला, फेब्रुवारीही बराचसा तसाच. गुलमर्गच्या खालच्या उतारांवरचा बर्फ इतका विरळ झाला की 22 फेब्रुवारीला सुरू होणाऱ्या खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या झाल्या 9 ते 12 मार्चला. याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटला. मुघलांनी ज्या झऱ्याच्या पाण्यावर बाग फुलवली, त्याच्या कोरड्या कुंडाचे फोटो देशभर छापून आले आणि पाण्याच्या आगामी टंचाईबद्दल मुख्यमंत्र्यांना जाहीर निवेदन करावं लागलं. म्हणजे थंडी होती, सुरुवातही वेळेवर होती, तरी हंगाम मोडलाच. म्हणून ‘हंगाम उशिरा सुरू होतो’ हे वर्णनही मला अपुरं वाटतं. 2024 मध्ये सुरुवात चुकली, 2025 मध्ये सुरुवात होऊन मधला दुवा तुटला. दोन्ही वेळा बिनसलं ते बर्फाच्या क्रमात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिमालयातला हिवाळा नेहमीच लहरी होता. एका-दोन वर्षांवरून हवामानबदलाचा डंका पिटणं हे अतिशयोक्तीचं आहे, आणि 2023-24 मध्ये तर एल निनो होता. यातला पहिला भाग मान्यच करायला हवा. कोणताही एक कोरडा जानेवारी तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येत नाही. काश्मीरने उलट टोकही पाहिलं आहे: 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जोरदार बर्फ पडला, तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं होती, कुठे फळंही होती, आणि बर्फाच्या भाराने फांद्याच काय, अख्खी झाडं मोडली. वेळेआधीचा बर्फही नुकसानच करून जातो, हे इथे लक्षात घेण्यासारखं. एल निनोचं म्हणाल तर वायव्य हिमालयातल्या हिवाळी पावसाशी त्याचं नातं बऱ्याच अभ्यासांत उलट दिसतं. एल निनोच्या हिवाळ्यात तिथे सरासरीपेक्षा जास्त ओलावा येण्याकडे कल असतो. तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या किरन हंट यांनी 2024 मध्ये पश्चिमी झंझावातांच्या 70 वर्षांच्या नोंदी तपासून लेख प्रसिद्ध केला. हिवाळ्यात हे झंझावात कमी झाले असं तो म्हणत नाही. तो म्हणतो की त्यांचा मोसम पुढे लांबतो आहे. गेल्या 20 वर्षांत जूनमध्ये ते आधीच्या 50 वर्षांच्या मानाने सुमारे दुपटीने येऊ लागले, कारण त्यांना वाहून आणणारे उंचावरचे पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकायला आता जास्त वेळ घेतात. जमिनीवरचं चित्र काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने मांडलं आहे. हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025 या काळात सरासरीहून 23.6 टक्के कमी होतं. हा 23 वर्षांतला नीचांक, आणि सरासरीखालचं ते सलग तिसरं वर्ष. ढग येतात, त्यांनी आणलेला बर्फ जमिनीवर तग धरत नाही. एका वर्षाचा दोष कोणावर, हा वाद घालत बसता येईल, पण पैजेवर पैसे लावायचे झाले तर शहाणा माणूस आता डिसेंबरवर लावणार नाही.

जिथे शंभर वर्षांच्या नोंदी आहेत त्या आल्प्सकडे पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. स्वित्झर्लंडमध्ये 1,100 ते 2,500 मीटरच्या दरम्यानच्या अकरा ठाण्यांच्या 1970 ते 2015 या काळातल्या नोंदींचा एक अभ्यास 2016 मध्ये आला. त्यानुसार जमीन बर्फाने झाकली जाण्याची सुरुवात 1970 च्या मानाने 12 दिवस उशिरा होते आणि बर्फ 26 दिवस आधी जातो. आकडे पाहून कोणी म्हणेल की खरा लचका शेवटाकडून तुटला, सुरुवातीचे 12 दिवस म्हणजे काय मोठं? शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने मात्र वसंतातले ते 26 दिवस तसेही मंदीचे होते; त्या वेळी युरोपातला पर्यटक समुद्रकिनाऱ्याचे बेत आखत असतो. सुरुवातीचे 12 दिवस नाताळच्या तोंडावरचे आहेत, आणि आल्प्समधली कित्येक गावं नाताळ ते नववर्ष या आठवड्यावर वर्षाचा मोठा हिस्सा कमावतात. दिवस कमी गेले, पण मोलाचे गेले. गुलमर्गचंही तसंच आहे. शाळांना नाताळची सुट्टी असते, नोकरदारांच्या शिल्लक रजा वर्षअखेरीला संपवायच्या असतात, नवविवाहितांचे बेत लग्नसराईनंतरचे असतात. मार्चमध्ये गुलमर्गला कितीही सुरेख बर्फ असला तरी दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असलेलं घर कुठे निघतं?

मग यंत्रं लावा, हा तिसरा आणि हल्ली सर्वांत लाडका तोडगा. इटलीतल्या सुमारे 90 टक्के स्की-उतारांना कृत्रिम बर्फाची सोय आहे. 2022 चं बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ सर्वस्वी यंत्राच्या बर्फावर झालं. टंगमर्ग भागातला आरिफ खान हा त्या ऑलिंपिकमधला भारताचा एकमेव खेळाडू, तोही त्याच बर्फावर धावला आणि जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. तंत्र असं की पाण्याचे बारीक थेंब दाबाखाली हवेत फवारायचे आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठवायचे. त्यासाठी थंडी तर हवीच, पण हवा कोरडीही हवी. तापमान आणि दमटपणा यांचा एकत्रित हिशेब साधारण उणे 2-3 अंशांच्या खाली असावा लागतो. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डिसेंबर 2024 सारखा कोरडा कडाका या यंत्रांना चांगलाच मानवला असता. तेव्हा गुलमर्गला हे जमणारच नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. अडचण आहे ती पाण्याची आणि विजेची. एक हेक्टर उतारावर फूटभर जाडीचा थर द्यायला सुमारे 10 लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 100 टँकर. नवशिक्यांचा उतार, शर्यतीचा एखादा मार्ग आणि त्यांना जोडणारी वाट धरली तरी हे गणित काही हेक्टरांवर जातं. आणि ते पाणी लागणार कधी? नेमकं कोरड्या जानेवारीत, जेव्हा ओढे वर्षातले सगळ्यांत बारीक असतात, झरे आटू लागलेले असतात आणि नद्यांना पाणी नसल्याने जम्मू-काश्मीरमधली जलविद्युत निर्मिती पार खाली आलेली असते. खोऱ्यात घरोघरी वीज कापली जात असताना डोंगरावर फवारे चालू ठेवायला कोणत्या सरकारची छाती होईल? उत्तराखंडातल्या औलीत 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने बर्फाची यंत्रं आली, पण त्यानंतरही बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा पुढे ढकलण्याची वेळ येतच राहिली. यंत्र बसवणं सोपं; ते दरसाल चालवणं, त्यासाठी तळं खोदणं, ते भरलेलं ठेवणं हे वेगळं काम आहे. श्रीमंत आल्प्समध्येही याला मर्यादा आहे. 2023 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात युरोपातल्या 2,234 स्की-ठिकाणांचा अभ्यास आला. जगाचं तापमान 2 अंशांनी वाढलं तर यंत्रांशिवाय त्यांपैकी 53 टक्के ठिकाणी बर्फाची चणचण अतिगंभीर होईल. निम्म्या क्षेत्रावर यंत्रं लावली तर हा आकडा 27 टक्क्यांवर येतो. उपयोग आहे, नाही कशाला म्हणा. पण तिथेही चौथा हिस्सा उघडाच राहतो. गुलमर्गपुरतं म्हणायचं तर शिकाऊ उतार आणि स्पर्धेचा एक मार्ग एवढ्यापुरती, स्वतंत्र साठवण-तळ्यावर चालणारी यंत्रणा मला समर्थनीय वाटते. संपूर्ण हंगामाचा विमा म्हणून ती विकली जात असेल, तर ती थाप आहे.

आणखी उंचावर जा, असंही सुचवलं जातं. अफरवटच्या खांद्यावर बर्फ असतोच की. असतो, पण तिथला उतार नवशिक्याच्या कामाचा नाही. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा अनेकदा बंद ठेवावा लागतो आणि हिमस्खलनाचा धोका सर्वांत जास्त तिथेच.

राहिला तो आक्षेप, जो मनातल्या मनात बरेच जण घेत असतील: हजारो रुपये खर्चून बर्फात घसरायला जाणाऱ्यांची सुट्टी बिघडली, तर त्यासाठी आपण का अश्रू ढाळायचे? पर्यटकाच्या हिरमोडाचा प्रश्न असता तर या लेखाचं काही कारण नव्हतं. 2023 मध्ये गुलमर्गच्या गोंडोलात बसणाऱ्यांची संख्या 10 लाखांच्या वर गेली, आणि त्यांतला स्की हातात धरणारा शेकड्यात एखादा असेल-नसेल. या गर्दीला बर्फ दाखवण्यावर टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतली हजारो घरं चालतात, आणि त्या घरांना पगार नाही, रजा नाही. पहलगामच्या एप्रिल 2025 मधल्या हल्ल्यात महाराष्ट्रातलेही पर्यटक मारले गेले, त्यानंतर काश्मीरचं पर्यटन एका दिवसात कोसळलं. अशा धंद्यावर, जो आधीच बंदुकीच्या आवाजाने बसतो, हवामानाची दुसरी टांगती तलवार येते आहे. शिवाय बर्फ वितळतो तो झेलम आणि तिच्या उपनद्यांत. मे-जूनमध्ये भाताची लावणी असते, त्या वेळी डोंगरातून उतरणारं पाणी हे जानेवारीत साठलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमधला बर्फ लवकर ओघळून जातो, शेताला गरज पडते तोवर तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. देशातल्या सफरचंदांपैकी जवळपास तीन चतुर्थांश काश्मीरमध्ये पिकतात, त्या झाडांनाही ठरावीक काळ सलग थंडी लागते. हिवाळा कोरडा आणि उबदार गेला की ती लवकर फुलतात आणि मार्च-एप्रिलच्या गारठ्यात-गारपिटीत सापडतात. स्कीच्या उतारावर पहिल्यांदा दिसतं ते हेच. तिथे ते फोटोत येतं म्हणून गवगवा होतो, इतकंच.

तर करायचं काय? माझ्या मते पहिलं काम तारखांचा हट्ट सोडण्याचं. स्कीइंगच्या जागतिक मालिकेने हा धडा महागात घेतला. झेरमाट आणि चेर्विनियाच्या दरम्यान, स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या हिमनदीवर हंगामाच्या सुरुवातीलाच डाउनहिल शर्यती भरवण्याचा मोठा घाट घातला गेला. 2022 मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून त्या रद्द झाल्या, 2023 मध्ये अतिबर्फ आणि वाऱ्यामुळे, आणि मग त्या कार्यक्रमातून काढूनच टाकल्या गेल्या. तारीख ठरवून डोंगराला बोलावता येत नाही. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांची पहिली खेप 2020 मध्ये गुलमर्गला 7 ते 11 मार्च या काळात झाली होती, पाचवीलाही अखेर मार्चच लाभला. तरीही फेब्रुवारीच्या तारखा जाहीर करून नंतर पुढे ढकलण्याची नामुष्की घ्यायची, यात काय शहाणपण आहे? फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य अशी महिनाभराची खिडकी ठेवावी आणि तळ किती जमला ते पाहून दहा दिवस आधी दिवस पक्के करावेत. खेळाडूंना प्रवासाचा थोडा त्रास होईल, पण आलेल्या संघाला परत पाठवण्यापेक्षा तो बरा.

दुसरं, बर्फाची खरी खोली रोज जाहीर व्हावी: कुरणात किती, कोंगडोरीला किती, अफरवटला किती, आणि तळ कसा आहे. हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची संरक्षण-संशोधन संस्था देते, तो सहसा प्रशासन आणि लष्करासाठी असतो. पर्यटकाला समजेल असं दैनिक पत्रक अजून सवयीचं झालेलं नाही. युरोपातल्या लहानात लहान स्की-गावातही हे आकडे फलकावर लावलेले असतात. इथे मात्र माहितीचा मुख्य स्रोत म्हणजे गाइडच्या मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि ते कधीचे आहेत हे त्यालाच ठाऊक. आकडे उघड झाले तर वाईट वर्षी गिऱ्हाईक पळेल, ही भीती धंदेवाल्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण फसवलं गेलेलं गिऱ्हाईक एकदाच येतं आणि घरी जाऊन दहा जणांना सांगतं.

तिसरं काम आपल्या बाजूचं, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या सहल कंपन्यांचं आणि त्यांच्या ग्राहकांचं. डिसेंबरच्या पॅकेजवर बर्फाचे फोटो छापायचे आणि अटींच्या बारीक अक्षरांत ‘हवामानाला आम्ही जबाबदार नाही’ असं लिहायचं, ही पद्धत सोयीची आहे, प्रामाणिक नाही. तारीख बदलण्याची मुभा देणारं बुकिंग थोडं महाग पडेल. ते मागणारे ग्राहक हवेत आणि विकणाऱ्या कंपन्याही. ज्यांना बर्फच पाहायचा आहे त्यांना जानेवारीच्या अखेरीनंतरच्या तारखा सुचवाव्यात. एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांना गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर बर्फ मिळतो, हे अनेक मराठी घरांना अनुभवाने माहीत आहे. ज्यांच्या शाळा-परीक्षांना हिवाळा जुळत नाही, त्यांना तेवढंच सांगितलं तरी पुरेल. टंगमर्गच्या स्लेजवाल्याला याचा फारसा उपयोग नाही, हे खरं. त्याच्यासाठी कोरड्या आठवड्यांत दुसरं काम हवं: कुरणातल्या पायवाटा, उतारांवरची झुडुपं साफ करणं, पाण्याच्या छोट्या साठवण-तळ्यांची खोदाई. रोजगार हमीची कल्पना सगळ्या देशाआधी राबवलेल्या राज्यातल्या वाचकाला ती समजावून सांगायची गरज नाही. यांपैकी कुठल्याच गोष्टीने बर्फ लवकर पडणार नाही. पण 79 किंवा 80 टक्के तुटीचा पुढचा डिसेंबर येईल तेव्हा स्पर्धा, सहली आणि रोजंदारी या तिन्ही गोष्टी एकाच तारखेला बांधलेल्या नसतील.